वीसची रेघ

गुरु. २ जाने.
नाशिकचा कांदा आज भरपूर. पहाटे तीनपासून काटा थांबला नाही. बाजारातला. घरचा दोन वर्षं शून्यावरच आहे. (या वहीत पुढं 'काटा' म्हणजे कुठला ते माझं मला कळेल. उद्या दुसऱ्या कुणी उघडली तर मापाड्याची वही वाटली पाहिजे.)

एकला सुटलो, वाशीत डॉ.कडे. गोळ्यांनी काही होत नाही हे मागच्या वेळीच सांगून झालंय. शुगरमुळे असं होतं म्हणाले. आज त्यांनी इंजेक्शन टोचून दाखवलं. जागा सांगितली तेव्हा चप्पल घालून निघावं वाटलं. पण मुंगी चावावी एवढंच दुखलं. दहा मिनिटांत काटा वर! मी त्याच्याकडे बघतोय, डॉ. घड्याळाकडे बघतायत. डोळ्यात पाणी आलं. चष्मा पुसायचं निमित्त केलं.

आता घरी आपलं आपणच टोचायचं. डॉ. म्हणाले, "दहाला किंवा दोनला घ्या." मी म्हणालो, "साहेब, रात्री दोनला मी मार्केटला निघायच्या घाईत असतो आणि सकाळी दहाला भर बाजारात." डॉ.नी पेन उचललं. मग कागदावर गोल काढला. ती वेळ नव्हती, जागा होती. घड्याळात दहा आणि दोन जिथं असतात त्या बाजूंना टोचायचं, बाराला आणि सहाला कधीच नाही. मी पण कसला उंटावरचा शहाणा.

निघताना विचारलं, "मिसेसना माहीत आहे ना?"
"सांगतो."
"पुढच्या वेळी सोबत आणा."
हो म्हणालो. एकतीस वर्षांच्या संसारात मंगलशी या विषयावर एक वाक्य बोललेलो नाही, आता सुरुवात कुठून करणार.

शनि. ४ जाने.
सिरिंज आणायला मुद्दाम बेलापूरला गेलो. इथं कोपरखैरण्यात मेडिकलवाला ओळखीचा, तो आधी मंगलला सांगेल, मग मला सुट्टे पैसे देईल.

बेलापूरचा मेडिकलवाला माईक लावल्यासारखा बोलतो. "काका, लाल टोपी का केशरी? चाळीसची का शंभरची?" मागं रांग. मी चिठ्ठी पुढं केली. डॉ.नी स्वच्छ लिहिलंय: एक मिली, केशरी टोपी, शंभर रेघांची, बारीक सुई. वीसच्या रेघेपर्यंत भरायचं. तो म्हणाला, "गेज एकतीस देऊ?" मी म्हणालो, "एवढी जाड नको." तर म्हणे आकडा जेवढा मोठा तेवढी सुई बारीक. बाजारात असला नियम असता तर मापाड्यांना लोकांनी बदडून काढलं असतं.

औषधाची बाटली फ्रिजमध्ये ठेवायची असते. लोणच्याच्या बरणीमागं ठेवली. सिरिंजा माझ्या कागदपत्रांच्या पिशवीत.

रवि. ५ जाने.
मार्केट बंद. मंगल भाजी आणायला गेली तेवढ्यात सराव. डॉ. म्हणाले होते संत्र्यावर करा. घरात संत्रं नाही. काल पावणेसहाशे गोण्या मापात घालून आलेला माणूस मी, घरात कांदा कमी पडेल का? एक मोठा कांदा घेतला, साधं पाणी भरून टोचलं. दहाला एकदा, दोनला एकदा. सुई दोन्ही वेळा सरळ गेली. खूष.

संध्याकाळी मंगल तोच कांदा चिरायला घेऊन बसली. "आवो, कांद्यातनं पाणी गळतंय. कसला सडका माल उचलून आणताय?"
माझ्या मालाला सडका म्हणाली!

खरं तर आज बोलायचं ठरवलं होतं. दोन वर्षांपूर्वी दिवाण हॉलमध्ये हलवला तेव्हा तिला सांगितलं, दीडचा गजर लागतो, तुझी झोप मोडते. ती "बरं" म्हणाली. त्यानंतर कधी विषय काढला नाही. तिनं विचारलं नाही हेच खुपतं. विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो ते मात्र मला माहीत नाही.

बुध. ८ जाने.
सापडलं.

दुपारी घरी आलो तर मंगल डोळे सुजवून बसलेली. लाइट बिल शोधताना पिशवीत सिरिंजा मिळाल्या. मग फ्रिज हुडकला, बाटली मिळाली. "इन्शुलिनवर गेलात आणि मला सांगितलं न्हाय? मी काय परकी हाय का?"

हीच वेळ होती. तोंड उघडलं. पण ती इतकी रडत होती की... मी मान हलवली. ती हो अशी हलली का नाही अशी, ते माझं मलाच कळलं नाही. तिनं हो धरलं.

चहातली साखर बंद. रात्रीच्या ताटात कारलं.

शुक्र. १० जाने.
मंगलनं साताऱ्याला फोन केला असावा. सकाळी तिचे थोरले भाऊ विलासराव दारात हजर. ते आठ वर्षं इन्शुलिन घेतात आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. येताना कारल्याची पिशवी.

जेवायच्या आधी हॉलमध्येच सदरा वर करून पोटाला टोचून दाखवलं. "दाजी, ह्यात लाजायचं काय? तुमी कुठं घेता?"
"खाली."
"मांडीला?"
"मांडीच्या जवळ."
"जागा बदलत जावा बरं का. एकाच जागी टोचलं की गाठ येते."
म्हणालो, फार जागा नाहीत बदलायला. त्यांना ते पटलं नाही. "एवढा मोठा देह हाय की!" मंगल स्वयंपाकघरातून म्हणाली, "दादा, तूच बघ जरा ह्यांना नीट टोचता येतंय का."

बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो.

रवि. १२ जाने.
विलासराव गेले. जाताना माझी केशरी टोप्यांची पाकिटं पिशवीत टाकली. "तुमच्या सुया लई बारीक हायत दाजी, मी नेतो. तुमाला माझ्यातल्या देतो." लाल टोप्यांचा अख्खा डबा ठेवून गेले. नको म्हणायची सोय नाही, मोठे मेहुणे. सिरिंज ती सिरिंज, असं मनाशी म्हणालो.

मंगळ. १४ जाने.
संक्रांत. शेजारून, मार्केटातून, सगळीकडून तिळगूळ. मंगलनं सगळे डबे वरच्या फळीवर चढवले. मला एक तीळ दिला. एक. खरोखर एक. "गोड बोला," म्हणाली.
काय बोलू?

हळदीकुंकवाच्या निमित्तानं सोसायटीत बातमी गेली. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या जाधवबाई माझ्याकडे बघून च्च च्च करतात.

शनि. १८ जाने.
असं चालणार नाही. मोठं सोंग आणायचं तर ते निदान कामी तरी यावं. उद्या मार्केट बंद. जाधवबाईंकडे हळदीकुंकू आहे, मंगल तिकडे जाणार, साडेचारपर्यंत परत. निघताना फोन कर म्हणून सांगितलं. फोन आला की टोचायचं. ती येईपर्यंत काटा वर. सांगायचं काहीच नाही. तिला वाटेल आपोआप झालं.

एकतीस वर्षांत बायकोसाठी असा बेत पहिल्यांदाच केला. नवी बेडशीट काढून ठेवली.

सोम. २० जाने.
आज खाडा. काल काय झालं ते एकदा लिहून टाकतो.

पावणेचारला फोन: "निघाले हो." बाथरूममध्ये गेलो. डॉ.नी शिकवलेलं सगळं केलं, हात धुतले, कापसानं पुसलं, वीसच्या रेघेपर्यंत भरलं. रेघ दोनदा तपासली, चष्मा लावून. दोनच्या जागी टोचलं, पाच मिनिटं दाबून धरलं. आत जाऊन नव्या बेडशीटवर पडलो.

दार वाजलं. हसण्याचा आवाज, बांगड्यांचा आवाज, एकीचा नाही, दहा-बारा जणींचा. जाधवबाईंच्या घरी रंगकाम अर्धवट राहिलेलं. मंगलनं सांगितलेलं, माझ्याकडंच करू सगळ्यांचं. 'निघाले' म्हणजे सगळ्या निघाल्या होत्या.

काटा तोवर असा चढला की क्लिनिकमध्ये चढला होता तो काहीच नाही. गोधडी ओढून घेतली. मंगल वाण न्यायला आत आली, प्लास्टिकचे डबे कपाटावर होते. "झोपलात व्हय? बरं न्हाय का?" म्हणालो, जरा पडतो. बाहेर जाऊन तिनं सांगितलं असणार, कारण दारापलीकडून सल्ले सुरू झाले. मेथी भिजवून घ्या भावजी. जांभळाच्या बियांची पूड. जाधवबाईंनी दारात डोकं घालून सांगितलं, "भावजी, मन खंबीर ठेवा." मी म्हणालो, मनाचं काही नाही.

पाच वाजले. उतरेना. साडेपाच. उतरेना. आता दुखायला लागलं. उखाणे चालू होते, मी छताकडे बघत होतो. डॉ.नी तीन वेळा बजावलं होतं, चार तास झाले तर लाज सोडून सरळ इस्पितळ, उशीर झाला तर कायमचं नुकसान. सहाला डॉ.ना फोन लावला, गोधडीत तोंड घालून. "किती घेतलं?" "वीसची रेघ." "टोपी कुठल्या रंगाची?"
लाल.
डॉ. म्हणाले, "अरे देवा." मग समजावलं. लाल टोपीवाल्या सिरिंजेत चाळीस रेघांचा एक मिली, केशरीत शंभर रेघांचा. म्हणजे वीसच्या रेघेला अडीचपट माल गेला. शेराच्या मापानं पायलीचा व्यवहार! बत्तीस वर्षं मापाडी आहे मी. शेतकऱ्याच्या गोणीत पाव किलोचा फरक नजरेनं ओळखतो.
"चार तासांची वाट बघू नका. आत्ता निघा."

मंगलला हाक मारली. "मंगल, इंजेक्शन जास्त गेलं."

ती जी ओरडली! "आवो, ह्यांना इन्शुलिन जास्त झालं!" आणि फळीवरचे तिळगुळाचे डबे धडाधड खाली आले. आठ वर्षं भावाचं बघतेय ती, इन्शुलिन जास्त झालं की आधी गोड द्यायचं हे तिला पाठ. एक लाडू तोंडात, दुसरा हातात, मागून बायका, "गोड द्या, अजून गोड द्या!" जाधवबाई साखरेची बरणीच घेऊन आल्या. पाच दिवस एका तिळावर ठेवलेल्या माणसाला पाच मिनिटांत सहा लाडू. बोलता येईना. शेवटी मंगलचं मनगट धरलं, बाकीच्यांना हातानं बाहेर काढलं, दार लोटलं.
"इन्शुलिन नव्हतं ते."
"मग काय होतं?"
गोधडी बाजूला केली.

मंगलनं बघितलं. गोधडी परत नीट पांघरली. पदर तोंडावर धरून भिंतीकडे वळली. खांदे हलत होते. रडतेय का हसतेय, मला आजही सांगता येत नाही. मग वळून म्हणाली, "किती वाजता टोचलं?"

पुढचं सगळं तिनं केलं. बायकांना म्हणाली, ह्यांना दवाखान्यात न्यायचं हाय, वाण उचला आणि निघा. मला गोधडीत गुंडाळून हॉलमधून काढलं. "थंडी भरलीय," असं सांगत होती. रिक्षात गोधडीचं टोक तिच्या मुठीत. तिची काळी साडी, कपाळभर हळदीकुंकू.

वाशीला इस्पितळात खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, "काय त्रास आहे?" मी घसा खाकरला.
मंगल म्हणाली, "पुरुषाचा."
"म्हणजे?"
"उतरत न्हाय. तीन तास झाले. घ्या लवकर आत."
ही माझी बायको. जिनं एकतीस वर्षांत माझं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात.

आत काय केलं ते लिहीत नाही. सुईनं भरलेलं रक्त सुईनंच काढलं, वर दुसरं औषध. आठच्या सुमारास काटा शून्यावर. शून्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. वेळेत आलात म्हणाले. शुगर तीनशे बारा. तिथल्या डॉ.नी विचारलं, काय खाल्लं होतं? मंगल खिडकीबाहेर बघायला लागली.

मंगळ. २१ जाने.
पहाटे मार्केटात एकदम आठवलं: माझ्या केशरी सिरिंजा विलासरावांकडे! त्यांचं औषध चाळीसचं. त्यांनी माझ्या सिरिंजेनं घेतलं तर वीसच्या जागी आठच जायचं. काट्यावरून उठून साडेपाचला फोन. ते म्हणाले, "तरीच दाजी! कालपास्नं तीनशेच्या खाली येईना. म्हणलं कारलं बी बंद पडलं का काय." लगेच फेकून द्या म्हणालो, तुमच्या डॉ.ना आजच्या आज सांगा.
"पण तुमाला कसं कळलं?"
झाकली मूठ सव्वा लाखाची. पण त्यांच्या जिवाशी खेळ झाला होता, तोही माझ्या सोंगामुळे. एवढंच म्हणालो, माझं पण माप चुकलं.

मंगल बोलत नाही. ताट वाढते, बोलत नाही. कारलं मात्र बंद.

गुरु. २३ जाने.
आज बोलली. मी दुपारी जेवत होतो, ती समोर बसली.

"दोन वर्षं बाहेर झोपलात, ते गजरामुळं न्हवतं तर."
नाही म्हणालो. लाज वाटायची म्हणालो. तुझ्या शेजारी पडायचं आणि काहीच व्हायचं नाही.
"मला वाटलं, म्हातारी झाले म्हणून नको झाले."
हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. दोन वर्षं मी माझंच दुःख घेऊन हॉलमध्ये पडलो होतो, आणि आत ती हे धरून.

मग ती ताटाकडे बघत म्हणाली, "आणि खरं सांगू? तुमी बाहेर गेलात तवा आधी मला सुटल्यावानी झालं. पाळी गेल्यापास्नं मलाबी दुखायचं वो. लई दुखायचं. तुमाला कसं सांगायचं म्हणून दात आवळून पडायची."

मला माहीत नव्हतं. मंगल, मला खरंच माहीत नव्हतं. तोंडावर एवढंच म्हणालो, "मला सांगायचं नाही का?"
"तुमी सांगितलंत?"

जेवण तसंच राहिलं. मग तिला हसू फुटलं, त्या सहा लाडवांवरून. हसताना रडली. मीही.

रवि. २६ जाने.
काल दोघं मिळून डॉ.कडे गेलो. त्यांनी मला झाडलं, योग्यच. चार आठवडे काही नाही. पुढचा डोस त्यांच्यासमोर, त्यांच्याच सिरिंजेनं. घ्यायचाच का, तेही आधी दोघांनी ठरवा म्हणाले. मंगलनं पिशवीतून कागद काढला. प्रश्न लिहून आणले होते, सात! मी दोन वर्षांत एक विचारू शकलो नव्हतो. तिच्या त्रासासाठी त्यांनी बाईडॉक्टरांचं नाव दिलं. "ह्या वयात हे असंच असतं म्हणून सोडू नका, त्यालाही औषध आहे," असं म्हणाले. मंगलनं तेही कागदावर लिहून घेतलं.

दिवाण अजून हॉलमध्येच आहे. हलवायचा का, हे मी विचारलं नाही. आता घाई नको वाटते.

गुरु. ३० जाने.
मार्केटातून लवकर सुटलो. बाईडॉक्टरांकडे मंगल आत, मी बाहेर बाकावर. दोन्ही बाजूंना दिवस गेलेल्या पोरी. एकीनं सरकून जागा दिली, "बसा काका." पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंचवीस झाली. आत एवढं काय बोलत असतील? शेवटी मंगल आली. डोळे लाल, पण चेहरा वेगळाच. काय म्हणाल्या विचारलं तर, "घरी सांगते."

घरी आलो. चप्पल काढता काढता म्हणाली, "मलम दिलंय. तपासलं, काळजीचं काय न्हाय. मग त्यांनी मला विचारलं, मालकांचं सोडा, तुम्हाला स्वतःला काय हवंय?"
"मग?"
"मला हे कुणी कधी विचारलंच न्हवतं वो. आईनं न्हाय, तुमी न्हाय. मी नुसती बसून राहिले. त्या बी थांबल्या, घाई केली न्हाय."
"मग काय सांगितलंस?"
"म्हणलं, कळलंय मला. पण आधी ह्यांना सांगते, मग तुमाला."

आणि चहा ठेवायला गेली. भांड्यांचा आवाज येतोय. इंजेक्शन हवंय म्हणेल, नको म्हणेल, नुसतं शेजारी येऊन पडा म्हणेल, का बाहेरच बरे आहात म्हणेल, मला काहीच अंदाज नाही. जे म्हणेल ते करायचं एवढं ठरवलंय.

आली. दोन कप. वही मिटा म्हणतेय.